वरचा खिसा, मागचा खिसा

आमच्या घरात 'आपला' या शब्दाला एकच अर्थ होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मशीनवर होते आणि युनियनचं काम करायचे. कुणी नवा कामगार भरती झाला की घरी आलेल्या माणसांना ते पहिलं विचारायचे, "आपला हाय का?" म्हणजे गेटसभेला थांबतो का, वर्गणी देताना तोंड वाकडं करतो का, मालकाची गाडी आली की दार उघडायला पळतो का. त्या प्रश्नात गाव नव्हतं, देव नव्हता आणि आडनाव तर नव्हतंच. आडनाव आम्हालाही नव्हतं. शाळेत घालताना अण्णांनी ते गाळून टाकलं होतं. आमचं नाव, मग आईचं, मग अण्णांचं, आणि खलास. हेडमास्तर म्हणाले, "अहो, एक रकाना रिकामा राहतोय." अण्णा म्हणाले, "राहू द्या. हवा खेळंल."

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, बोटाला लागणारी शाई, वर ठळक अक्षरात 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो'. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पण उद्गारचिन्हं भरपूर होती. छापताना चूक झाली तर पत्रकं टाकून द्यायची ऐपत युनियनला नसे. मग अण्णा गठ्ठे घरी आणायचे आणि रविवारी दुपारी आम्ही सगळे फरशीवर बसून प्रत्येक प्रत हातानं दुरुस्त करायचो. एकदा 'संप मागे घेतला जाणार नाही' या ओळीतला शेवटचा शब्दच छापायचा राहिला होता. दादाचं अक्षर घरात सगळ्यात चांगलं, म्हणून ते काम त्याच्याकडं आलं. सबंध दुपार तो पालथा पडून एकच शब्द लिहीत होता. नाही. नाही. नाही. संध्याकाळी त्याचा हात आखडला आणि अण्णांनी त्याला शेंगदाण्याची चिक्की आणून दिली.

हाच दादा मोठा होऊन मालक झाला. डिप्लोमा केला, एका चांगल्या कंपनीत कायम झाला, आणि ती कायमची नोकरी सोडून त्यानं चिकलठाण्यात गाळा भाड्यानं घेतला. पत्रा दाबायची एक प्रेस, एक ड्रिल, एक ग्राइंडर. पत्र्याचे क्लॅम्प बनवायचा. अण्णा कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, कारण पोरगा पलीकडच्या बाजूला गेला होता. कसला मालक! गाळ्यातला पंखासुद्धा शेजारी लेथ चालवणाऱ्या चाचांनी दिलेला होता. दादाला गिऱ्हाईक एकच होतं, आणि एक दिवस त्या कंपनीनं आपलं सगळं काम दुसऱ्या राज्यात हलवलं. गाळ्याचा मालक येऊन सांगून गेला, दिवाळीपर्यंत बघतो, नंतर दुसऱ्याला देतो. दादाला नवं मोठं काम हवं होतं. नाहीतर गाळा जाणार, मशिनं जाणार, आणि अण्णांचं न बोलणं खरं ठरणार.

मग कुणीतरी त्याला त्या मेळाव्याचं सांगितलं. जालना रोडवरच्या एका हॉटेलात महिन्यातून एकदा सकाळी उद्योजक जमतात, एकमेकांची ओळख करून घेतात, एकमेकांना कामं देतात. त्याला ते नेटवर्किंग म्हणत. दादा मला म्हणाला, "तू चल. मला क्लॅम्प बनवता येतात, तुला बोलता येतं."

दारातच टेबल टाकून संस्थेचे सचिव बसले होते. छातीवर लावायच्या पट्ट्यांवर जाड पेनानं नावं लिहीत होते.

"नाव?"

दादानं सांगितलं.

"पुढं?"

"एवढंच."

"एवढंच कसं? आडनाव?"

"लावत नाही."

"लावत नाही ते कळलं. पण आहे ना? का घरी ठेवून आला?"

मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले. मी म्हणाले, "आमच्याकडं नाही. तुमच्याकडं जास्तीचं असलं तर द्या एखादं."

सचिवांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "या कोण?"

"बहीण."

"त्यांचंही असंच?"

"घर एकच आहे, साहेब," दादा म्हणाला.

त्यांनी दादाचं नाव लिहिलं आणि पुढं बोटभर जागा सोडली. सुचलं की भरा, अशा बेतानं.

आधी एका वक्त्याचं भाषण झालं. विषय होता, अशा मेळाव्याचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा. नजरेला नजर द्या. हात घट्ट धरा. बोलताना समोरच्याचं नाव घेत राहा, माणसाला स्वतःचं नाव ऐकायला आवडतं. कार्ड दोन्ही हातांनी द्या. आधी द्या, मग मागा. भेटलेल्या माणसाला दोन दिवसांत फोन करा. सगळं सभागृह लिहून घेत होतं. मीही घेतलं. समोरच्या पक्षाचं साहित्य मन लावून वाचावं असं अण्णांनी शिकवलं होतं.

मग प्रत्येकाला एक मिनिट. मिनिट संपलं की सचिव टेबलावरची घंटी वाजवत, बँकेत शिपायाला बोलवायची असते तसली. युनियनची पत्रकं आता मीच लिहायचे, म्हणून दादाचं मिनिटही मीच लिहून दिलं होतं. ते 'मित्रांनो'नं सुरू होत होतं, 'एकजुटीनं पुढं जाऊ या' असं संपत होतं आणि मध्ये क्लॅम्प होते. लोक हसले, पण चांगलं हसले. दादा घाम पुसत खाली बसला.

खरा मेळावा त्यानंतर सुरू झाला. उपमा आणि चहा घेऊन माणसं उभी राहिली आणि कार्डं फिरू लागली. मी भिंतीला टेकून बघत होते. मला कुणी कार्ड मागत नव्हतं, त्यामुळं बघायला वेळ होता. शहराचं नाव बदलून फार दिवस झाले नव्हते. निम्म्या कार्डांवर जुनं नाव होतं, निम्म्यांवर नवं. त्यावरून एरवी चौकाचौकात गळे फाडून भांडणारी माणसं इथं त्या ओळीकडं ढुंकूनही बघत नव्हती. कार्ड हातात आलं की डोळे थेट नावाच्या शेवटाला जात होते. तिथं आडनाव असतं. ते वाचून झालं की कार्ड खिशात. एक खिसा शर्टाचा, वरचा, डाव्या छातीवरचा. दुसरा पँटचा, मागचा. आडनाव वाचलं की हात आपोआप वर नाहीतर मागं जायचा. कुणी मुद्दाम करत नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही असलं काही मानत नाही. मेळावा संपल्यावर वरच्या खिशातल्यांना फोन जाणार होते आणि मागच्या खिशातल्यांवर बसून ही मंडळी आपापल्या गाडीतून घरी जाणार होती.

दादाचं कार्ड मात्र सगळ्यांच्या हातात अडकत होतं. उलटून बघायचे, मागं काही आहे का म्हणून. मग विचारायचे, "मूळ गाव कोणतं?" किंवा "कोणत्या भागातले?" किंवा नुसतंच, "पूर्ण नाव?" एकजण तर पट्टीवरची मोकळी जागा बोटानं दाखवून म्हणाला, "इथं छापायचं राहिलं वाटतं." ज्यांना उत्तरावरून अंदाज आला नाही त्यांनी कार्ड टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि तिथंच विसरले.

मग अध्यक्ष आले. वयस्क, हसरा, फिकट रंगाच्या सफारीतला माणूस. त्यांच्या कारखान्याला लागतील तेवढे क्लॅम्प बनवायचे तर दादाला आणखी दोन प्रेस घ्याव्या लागल्या असत्या.

"गाव कोणतं?" त्यांनी दादाच्या खांद्यावर हात टाकत विचारलं.

"पैठणकडं, साहेब."

"पैठणकडं लई मोठा मुलूख आहे. नेमकं कुठं?"

दादानं गावाचं नाव सांगितलं.

"अरे तिच्या! तिथं तर सगळी आपलीच घरं. धरणात लई जमिनी गेल्या त्या गावाच्या."

"व्हय. आमचाबी तुकडा गेला."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. ज्याची जमीन गेली त्याला जमीन होती, एवढा हिशोब त्यांना पुरेसा होता. "म्हणजे आपल्यातलेच ना तुम्ही?"

"हो साहेब," दादा म्हणाला. "आपलेच."

कार्ड वरच्या खिशात गेलं. वरून त्यांनी त्यावर थोपटलंसुद्धा. "सोमवारी या पाव्हणं, कारखान्यावर. नमुने घेऊन या. चहा माझ्याकडं."

परत येताना दादा स्कूटरवर गुणगुणत होता. क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबल्यावर मान वळवून म्हणाला, "बघितलंस? एवढा मोठा माणूस, पण आपला निघाला."

"दादा, त्यानं तुझी जात विचारली."

"येडी का तू? गाव विचारलं त्यांनी."

"गाव आधी विचारलं. आपल्यातले म्हणजे कोण, असं वाटलं तुला? युनियनवाले?"

सिग्नल हिरवा झाला. दादा हलला नाही. मागं हॉर्नचा कल्लोळ उठला. एक रिक्षावाला बाजूनं डोकं बाहेर काढून ओरडला, "क्या हीरो, सो गया क्या?" तेव्हा कुठं त्यानं गिअर टाकला. घरी स्कूटर लावताना दादा म्हणाला, "मी खोटं कुठं बोललो?"

ते खरं होतं. तो खोटं बोलला नव्हता. त्यानं घरातला शब्द घराबाहेर वापरला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मी चाचांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "तेरेकू पूछे तो सही, बेटा! मैं भी गया था एक बार. मेरा कार्ड देखके तो किसीकू पूछनेकीच जरूरत नै पड़ी." मग लेथ चालू करत म्हणाले, "उपमा अच्छा था लेकिन."

सोमवारी दादा गेला. नमुने पास झाले. थोडं काम मिळालं, तेही पास झालं. अध्यक्षांचा फोन आला तेव्हा दादानं स्पीकर लावला, घरात सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"पाव्हणं, काम एक नंबर. मोठी ऑर्डर तुमचीच समजा, पुढच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर जाहीर करू. आणि एक ऐका. आमच्या साडूंची पोरगी आहे. बी. फार्म झालेली. तुम्हीबी अजून मोकळेच ना? साडूंना बोलावून घेतो मेळाव्याला. तुमची सोयरीक कुठं कुठं ते आईला विचारून ठेवा, म्हणजे नातं कुठून लागतंय ते बघता येईल."

फोन बंद झाला. आई स्वयंपाकघरात निघून गेली. क्लॅम्पच्या ऑर्डरला बायको जोडून येईल हे माझ्या कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

"तू लिहून दे," दादा मला म्हणाला. "असं लिही की खोटं बोलायला नको आणि काम पण जायला नको."

मी वही घेऊन बसले. चार पानांचं पत्रक मी एका बैठकीत लिहिते. शेठजींना, कलेक्टरला, सरकारला, कुणालाही जाब विचारायचा असो, माझा पेन अडत नाही. हे एक वाक्य मला लिहिता आलं नाही.

मी म्हणाले, "सरळ सांग त्याच्या तोंडावर. काम गेलं तर गेलं."

"तुझं काय जातंय?"

मी अण्णांकडं पाहिलं. आता ते बोलतील, असं मला वाटलं. ते खुर्चीत बसून निवृत्त माणसाच्या सवयीनं पायाचा घोटा चोळत होते. म्हणाले, "लगीन नको म्हण. घरात आजारपण हाय म्हण. काम घे."

"अण्णा, तुम्ही सांगताय हे?"

"व्हय, मीच सांगतोय. टाळेबंदीत कारखान्याचं गेट बंद झालं तवा आपला आपला म्हणणारे किती घरी आले, मोजलं व्हतंस का? गप बस."

माझ्या आयुष्यात अण्णांनी मला इतक्या मोठ्या गोष्टीवर कधी गप बसायला सांगितलं नव्हतं. मी त्यांना त्या दिवशी माफ केलं नाही. अजून करते आहे, सावकाश.

पुढच्या मेळाव्याला दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. काय बोलणार ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिल्या रांगेत अध्यक्षांशेजारी साडू बसले होते, नव्या उपरण्यात, नवऱ्या मुलाकडं बघावं तसं दादाकडं बघत. दादाची पाळी आली. अध्यक्षांनी स्वतः उठून सांगितलं, "आपल्यातला तरुण आहे. ऐका."

दादा उभा राहिला. त्याच्या हातात कागद नव्हता.

"मागच्या महिन्यात माझ्या बोलण्यात एक शब्द राहून गेला," तो म्हणाला. "तो दुरुस्त करतो. साहेबांनी विचारलं, आपल्यातलेच ना? मी हो म्हणालो. आमच्या घरात आपला म्हणजे सोबत उभा राहणारा. मला वाटलं, साहेब तेच विचारतायत. साहेबांच्या अर्थानं आम्ही आपल्यातले नाही. आम्ही धनगर. माझा आजा मेंढरं घेऊन याच माळावरनं जालन्याकडं जायचा, तेव्हा इथं हॉटेल नव्हतं. क्लॅम्प मात्र मागच्या महिन्यात होते तेच आहेत, त्यांच्यात काही फरक..."

घंटी वाजली.

मिनिट झालं नव्हतं. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. आधीचा एक बिल्डर आपल्या सोसायटीतल्या स्विमिंग पूलवर दुप्पट वेळ बोलला होता आणि सचिव ओठांवर हसू ठेवून ऐकत होते.

कुणी शिवी दिली नाही. कुणी उठून गेलं नाही. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "याला म्हणतात प्रामाणिकपणा. टाळ्या!" सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. जोरात, बराच वेळ. मी गेटसभेत लाठीमार पाहिलेला आहे. त्या टाळ्या जास्त लागल्या. लाठी मारणाऱ्याला निदान माहीत असतं की तो मारतोय.

उपम्याच्या वेळी दादा अध्यक्षांपाशी गेला. साडू बशीतले काजू एका कडेला गोळा करण्यात गुंतले होते, त्यांनी मान वर केली नाही.

"साहेब, ऑर्डरचं..."

"नक्की, सर," अध्यक्ष म्हणाले. "कळवतो तुम्हाला, सर."

बापाच्या वयाचा माणूस, काल-परवापर्यंत पाव्हणं म्हणणारा, दादाला सर म्हणत होता. आपल्या भाषेत माणसाला दूर ढकलायला सर इतका सभ्य शब्द नाही. बोलता बोलता त्यांनी वरच्या खिशातून कार्डांची चवड काढली, अंगठ्यानं चाळली, दादाचं कार्ड बाहेर घेतलं. ते त्यांनी पुन्हा वाचलं, जणू त्यावर आज काही नवीन उमटलं असेल. मग हात मागं गेला. बाकीची चवड वर परत ठेवली, खुर्ची ओढली आणि ते खाली बसले.

दादानं ते पाहिलं. तो म्हणाला, "जपून, साहेब. कोपरा टोचंल."

"काय म्हणालात, सर?"

"काही नाही."

वक्त्यानं सांगितलं होतं तसं दादानं दोन दिवसांत फोन केला. नक्की कळवतो, सर. पुढच्या आठवड्यात केला. साहेब मीटिंगमध्ये आहेत, सर. मग एकदा साहेबांचा फोन संस्थेच्या सचिवांनीच उचलला आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "अरे यार, तुम्हाला कुणी विचारलं होतं का सगळ्यांसमोर? नंतर हळूच सांगायचं ना. साहेबांचं मन मोठं आहे. सांभाळून घेतलं असतं." तो माणूस मनापासून बोलत होता. त्याला खरंच वाटत होतं की चूक दादानं केली.

दिवाळीनंतर गाळा रिकामा झाला. प्रेस नेणाऱ्या टेम्पोला दादानं स्वतः हात लावला. पंखा चाचांनी परत घेतला नाही, म्हणून तो घरी आला आणि अण्णांच्या खुर्चीवर लागला. अण्णा त्याच्याखाली बसतात आणि वर बघत नाहीत. दादा आता वाळूजला दुसऱ्याच्या प्रेसवर पाळ्या करतो. जायच्या पहिल्या दिवशी डबा उचलताना तो मला म्हणाला, "खूश ना आता? छापून झालं तुझं पत्रक." तो ज्या गाळ्यासाठी अण्णांशी तुटला, त्याच गाळ्यावर त्यानं त्या सकाळी घरातल्या सगळ्यांच्या वाटचं 'नाही' लिहिलं, आणि यावेळी चिक्की आणून द्यायलाही कुणी नव्हतं.

त्याची छापलेली कार्डं मात्र उरली होती. डबाभर. मी ती घेतली. मागची बाजू कोरी आहे, तिथं मी माझं नाव आणि 'मजकूर लिहून मिळेल' असं लिहिते. पुढच्या बाजूला, दादाच्या नावानंतर जी जागा मोकळी आहे, तिथं पेनानं एक शब्द घालते. नाही. त्यानं लिहून द्यावं म्हणून मी एकदा विचारलं होतं. तो कूस बदलून झोपला. माझं अक्षर त्याच्यासारखं येत नाही, काना तिरका जातो.

दर महिन्याला मी मेळाव्याला जाते. सचिव दर महिन्याला आडनाव विचारतात आणि बोटभर जागा सोडतात. मी भाषण ऐकते, उपमा खाते. मग अध्यक्षांसमोर जाते, नजरेला नजर देते, कार्ड दोन्ही हातांनी पुढं करते. ते घेतात, शेवटचा शब्द वाचतात आणि आजूबाजूला बघतात. त्यांचा हात कोणत्या खिशाकडं जातो ते दिसेपर्यंत मी त्यांच्यासमोरून हलत नाही.